आडभिंतीतली नावं

शेजारणीच्या उंबऱ्यावर बसून लाल्ला तामो मसूर निवडत होती. अर्धी झाली असेल, तेवढ्यात राडारोड्याच्या दोन गोण्या लादलेलं एक गाढव गल्लीतून आलं. त्याला वाट देण्यासाठी तिने पाय जवळ घेतले.

"तुमच्याच दारातून निघालं की हे," शेजारीण म्हणाली.

तामोच्या मांडीवरचं ताट कलंडलं. गवंडी दुपारच्या नमाजानंतर येणार होता. त्याच्याआधी तिला भिंत रिकामी करायची होती.

सेफ्रू गावातल्या तिच्या घरात खालच्या खोलीत भिंतीत शेजारीशेजारी दोन खोल कपाटं होती. गुडघा गेल्यापासून तामोला जिना चढवेना. म्हणून मधली आडभिंत पाडून तिथे तिचा पलंग लावायचं मुलीने, नझहाने, ठरवलं होतं. ती भिंत पोकळ होती आणि छताजवळ तिला वीतभर फट होती. चाळीस वर्षं तामो स्टुलावर चढून अल्लाहचं नाव असलेला कागदाचा प्रत्येक कपटा, तो पायदळी जाऊ नये म्हणून, त्या फटीत सोडत आली. कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिका, वाटेत पायाखाली आलेले वर्तमानपत्राचे तुकडे, सगळं. तिला वाचता येत नव्हतं. ती फक्त दोन नावं ओळखायची, एक अल्लाहचं आणि दुसरं नवऱ्याचं. नवरा अब्देस्सलाम दूर कोळशाच्या खाणीत होता. त्याची पत्रं शेजारचे मास्तर वाचून दाखवायचे. मग पाकिटासकट तीही फटीतच जायची, कारण नवऱ्याच्या नावातला 'सलाम' हेही अल्लाहचंच एक नाव होतं.

ती लंगडत घरात शिरली, तेव्हा भिंत कंबरेपर्यंत उतरली होती आणि बूश्ता गवंडी कागदांच्या ढिगात उभा होता.

"उस्ताद, पाय उचल!"

"आणि ठेवू कुठे, लाल्ला? मला काय पंख आहेत?" तो हसला. मग त्याने खाली पाहिलं. हसू तिथेच विरलं. घण बाजूला ठेवून त्याने उभ्याउभ्याच बूट काढले आणि अनवाणी, जपून बाहेर आला. "माफ करा. मला वाटलं, उंदराचं घर आहे."

"सांगितलं का नाहीस, यम्मा?" नझहा म्हणाली.

"दुपारी येणार होता ना? आणि हे काय सांगत सुटायचं?"

तिघांनी बसून कागद वेचले, धूळ झटकली, धुतलेल्या चादरीत ठेवले. नझहाने एक पाकीट उचलून छातीशी धरलं. "हे बाबांचं. हे मी ठेवते."

तामोने पाकिटावरच्या नावावर बोट ठेवलं. "उंच जागी ठेव," ती म्हणाली. "त्यातलं निम्मं नाव तुझ्या बापाचं नाही."

चादरीची गाठ मारून झाली. बाकीचे कागद स्वच्छ जमिनीत पुरायचे होते. पण तामो उठेना.

"गेलेल्या गोण्यांत कागद होते?"

बूश्ताने मान खाली घातली. "वरचा थर होता, लाल्ला. असतील."

"यम्मा, तू मुद्दाम टाकलेस का? अल्लाहला मन कळतं. आता कुणाला कळणार आहे?"

"तूच म्हणालीस की आत्ता, कुणाला कळतं ते."

बूश्ता बूट शोधू लागला. "मी जातो. गाढववाला कुठे ओततो ते मला ठाऊक आहे."

"तू वाट दाखव. वेचायचं काम माझं."

तामोने भिंतीला धरून गुडघा सरळ केला, पायघोळ जेलाबा अंगावर चढवला, आणि वेशीबाहेरच्या राडारोड्याच्या ढिगाकडे त्या दोन गोण्यांतले कागद शोधायला निघाली.