रीसलिंग घेऊन जानेफळला

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत तीन शर्ट, एक टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि जर्मन वाइनच्या पाच अर्ध्या बाटल्या होत्या. शर्ट बाटल्यांना गुंडाळले होते, त्यामुळे पुढचे दोन दिवस अंगातल्या शर्टावर काढायचे हे ठरलेलंच होतं. शिवाय देठाचा एक काचेचा पेला होता. मी एका हॉटेल-व्यवस्थापनाच्या कॉलेजात वाइन शिकवतो आणि स्टीलच्या पेल्यातून वाइन पिणाऱ्यांना नापास करतो.

बाटल्या माझ्या नव्हत्या. माझा मित्र वसंता जानेफळला राहतो. त्याची मुलगी प्रज्ञा जर्मनीत नोकरी करते आणि तिथल्या टोबियास नावाच्या मुलाशी तिला लग्न करायचं आहे. टोबियासच्या घरी द्राक्षमळा आहे, रीसलिंग जातीचा. त्या घरची एक रीत आहे. लग्नात कोणती वाइन द्यायची ते मुलीच्या बापाने निवडायचं, आणि त्या दिवशी त्यानेच प्रत्येक पाहुण्याला ती वाढायची, वाढताना आपण कोण ते सांगायचं. म्हणून व्याह्यांनी पाच नमुने पाठवले होते. प्रज्ञा कामासाठी पुण्यात आली तेव्हा ते माझ्याकडे ठेवून गेली. वसंताने अजून लग्नाला हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. मला मात्र त्याने बाटल्या घेऊन बोलावलं होतं.

बाटल्या ती वडिलांकडे घेऊन गेली नाही, कारण वसंता अठरा वर्षांपासून दारूला शिवलेला नाही. त्याआधी तो दारूला सोडत नव्हता. त्याचा पहिला पेला अकोल्याला कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात मीच भरला होता. हे मी कोणाला सांगत नाही, पण प्रवासात आठ तास खिडकीबाहेर बघायला मिळालं की आठवतं.

भोकरदनला बस सोडून जीप धरली. जिपेत बाराजण होते, ड्रायव्हरच्या मते तीन जागा अजून रिकाम्या होत्या. माझ्या शेजारी पांढऱ्या दाढीचे एक चाचा मांडीवर खोकं घेऊन बसले होते. पहिल्याच खड्ड्यात माझी पिशवी वाजली.

"काच हाय?" चाचांनी विचारलं.

"हो."

"मी बी काचच नेऊन राह्यलो. बांगड्या. कपड्यात बांधली काऊन तुम्ही? कपडा सरकते. काचेले गवत पाह्यजे."

त्यांनी खोक्यातलं वाळलं गवत काढून माझ्या बाटल्या एकेक करून नव्याने बांधल्या. बाटल्या उंच, सडपातळ, हिरव्या. रीसलिंगची बाटली लांबून ओळखू येते ती यामुळेच. चाचांनी त्या नीट पाहिल्या आणि काहीही विचारलं नाही. फक्त देठाचा पेला हातात घेऊन म्हणाले, "हा नाही पोचणार." धाड गाव यायच्या आधी दोन किलोमीटरवर पेल्याचा देठ वेगळा झाला. चाचांच्या खोक्यातली एकही बांगडी फुटली नव्हती.

धाडला आठवडी बाजाराचा दिवस होता. वसंता चिंचेचा व्यापारी. बाजारात पोत्यावर पाच ढीग लावून बसला होता, आंबट टोकापासून गोड टोकापर्यंत. मला बघून त्याने हात वर केला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. मी मागे पोत्यावर बसून त्याचं काम बघत राहिलो.

तेवढ्या वेळात त्याने स्वतःच्या चिंचेचा कणही तोंडात टाकला नाही. गिऱ्हाइकाच्या हातावर बोटूक (लहानसा तुकडा) ठेवायचं आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. एक बाई म्हणाली, "कायची आंबट हाय हो ही!" आणि निघाली. वसंताने तिच्यासाठी त्याच ढिगातली दीड किलो तोलायला घेतली. बाई चार पावलं गेली, परत आली आणि घेऊन गेली.

"तुला कसं कळलं?"

"तोंडातून शब्द यायच्या आधी चेहरा बोलते," तो म्हणाला. "मंग जे बोलते ते भाव पाडाले बोलते. ते आयकायचं नसते."

"आणि तू स्वतः चव का घेत नाहीस?"

"दहा वाजेपर्यंत जीभ मरते बे. धंदा संध्याकाळपर्यंत असते."

बाजार उठल्यावर त्याच्या टेम्पोतून चिखली, हिवरा आश्रम करत जानेफळला पोचलो. टेम्पोत चिंचेचा वास इतका होता की तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. बाटल्यांचं वसंताने विचारलं नाही. मीही काढलं नाही. दोघं पाऊसपाण्यावर बोललो. दोघंही शेतकरी नसताना एवढं बोलायला विषय पुरला हे विशेष.

घरी त्याची बहीण कुसुमताई असतात. त्यांनी गूळपाणी दिलं आणि पिशवीकडे बघत विचारलं, "हे घरात ठेवता का भाऊ?" मी नाही म्हणालो. बाटल्या चिंच फोडायच्या टिनाच्या शेडमध्ये नेल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्याला टांगल्या. माझ्या विद्यार्थ्यांना मी वाइन गार ठेवायला एक यंत्र वापरायला शिकवतो. गोणपाट तितकंच चांगलं काम करतं, फक्त त्याची परीक्षा घेता येत नाही.

सकाळी नऊ वाजता आम्ही शेडमध्ये बसलो. देठाचा पेला देवाघरी गेलेला, म्हणून कुसुमताईंनी चहाचे पाच काचेचे ग्लास दिले. भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचाही ठेवला. मग ताई दाराशी उभ्या राहिल्या. त्या कोणावर लक्ष ठेवत होत्या ते कळत नव्हतं.

मी वर्गात बोलतो तसं सुरू केलं. "रीसलिंगचं वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात आंबटपणा मुळातच भरपूर असतो. द्राक्षातल्या साखरेची दारू होते. सगळी साखर संपू दिली की वाइन कोरडी, म्हणजे ड्राय. मध्येच थांबवलं की..."

"गूळ सरला अन् चिंच राह्यली, ते तुझं कोरडं," वसंता म्हणाला. "गूळ शिल्लक ठेवला त गोड. पुढं?"

माझी दोन तासिकांची तयारी इथे संपली.

"पुढं बाटलीवर दारूचा आकडा बघायचा," मी म्हणालो. "नाव कितीही अवघड असू दे. आकडा साडेबारा असेल तर बहुतेक साखर संपलेली. आठ असेल तर गोडवा शिल्लक."

त्याने पाचही बाटल्या फिरवून आकडे बघितले आणि माझ्या आधीच रांगेत लावल्या. पहिली ट्रॉकन, कोरडी. दुसरी फाइनहेर्ब, किंचित गोडसर. तिसरी काबिनेट, हलकी, बेताची गोड. चौथी श्पेटलेझे, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, आणि ही बरीच वर्षं जुनी. पाचवी आउसलेझे, वेचून घेतलेल्या पिकल्या घडांची, सगळ्यांत गोड.

"आता तू पी," वसंता म्हणाला, "मी पाहतो."

"निवडायचं तुला आहे."

"मी तेच त करून राह्यलो."

तेव्हा मला कळलं की त्याने मला वाइनचा जाणकार म्हणून बोलावलंच नव्हतं. गिऱ्हाईक म्हणून बोलावलं होतं.

मी पहिली घेतली. हिरव्या सफरचंदासारखी, धारदार, स्वच्छ. असं मी म्हणालोसुद्धा. दुसरी घेतली. हिच्यात थोडी साखर आहे पण आंबटपणा तिला वर येऊ देत नाही, म्हणून अनेकांना ही कोरडीच वाटते आणि दुकानात लोक इथेच फसतात, असं बरंच काही बोललो. वसंता माझ्या जबड्याकडे बघत होता. तिसरी घेतली आणि का कोण जाणे, हात ठेच्याकडे गेला. भाकरीचा तुकडा, ठेचा, वर काबिनेट. तिखट जेवणाबरोबर थोडी गोड रीसलिंग द्यावी हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे. खाऊन बघितलं त्या दिवशी.

चौथी उघडल्यावर वसंताने मान वर केली. "कंदील कोणी आणला इथं?"

जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतो. तो दोष नसतो, वय असतं. हे मी सांगेपर्यंत त्याने ग्लास उचलून नाकापाशी नेला होता. दाराशी कुसुमताई एक पाऊल पुढे आल्या. मला काहीतरी करायला हवं होतं आणि हात हलेना, एवढा मी घाबरलो होतो. वसंताने डोळे मिटून वास घेतला. मग त्याने तो माझ्यासमोर ठेवला आणि हात धोतराला पुसले, ओले नसताना.

"प्रज्ञा सातवीत होती," तो म्हणाला. "शाळेत तिले बक्षीस होतं. मी गेलो, पिऊन. मास्तरनं तिले इचारलं, हे कोण? पोरगी म्हणे, शेजारी हायेत आमचे."

हे मला अठरा वर्षांत त्याने सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि वसतिगृहातला तो पहिला पेला मी भरला होता हे मी त्याच्यासमोर पहिल्यांदा मोठ्याने बोललो.

"तू भरला होता," तो म्हणाला. "प्यालो मी. पी आता, कोमट होऊन राह्यलं."

मी चौथी प्यालो. मग पाचवी. पाचवी घेतल्यावर "अप्रतिम!" म्हणालो.

"चार नंबर," वसंता म्हणाला.

"का?"

"पयल्या दोनले तू भाषण केलं. तिसऱ्याले ठेचा मागतला, म्हणजे एकट्यानं चालत नाही ते. पाचव्याले अप्रतिम म्हणला. अप्रतिम म्हणणारं गिऱ्हाईक माल घेत नसते. चौथ्याले आधी तोंड आंबट झालं, मंग गोड झालं, अन् मंग तू गप बसला. तू गप बसलेला मी आजच पाह्यला."

निवड बरोबर होती. त्या पाचांतून मीही तीच काढली असती, फक्त मला दोन पानं कारणं लागली असती.

"मग प्रज्ञाला कळवू? लग्नाला हो?"

"दारू निवडली बे. माणूस कुठं निवडला?"

उरलेली वाइन त्याने मला शेडमागे मातीत ओतायला लावली. मी ओतली. पाचव्या बाटलीला जरा वेळ लागला. कुसुमताई शेवटपर्यंत उभ्या होत्या, मग म्हणाल्या, "भाऊ, जेऊन घ्या," आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना वसंताने माझ्या हातात एक खोकं दिलं. आत गवत, गवतात कागदाच्या पाच पुड्या, एक ते पाच आकडे घातलेल्या. चिंच, आंबटापासून गोडापर्यंत.

"त्याईनं पाच पाठवले. आपण रिकाम्या हातानं कसं राहावं? याह्याले (व्याह्यांना) म्हणा, त्यानं बी निवडावं. अन् खाताना फोनवर फोटो काढा. चालता फोटो."

"व्हिडिओ."

"हाव, तोच."

परतीचा प्रवास सोपा झाला. पिशवीत वाजण्यासारखं काही नव्हतं आणि तिन्ही शर्ट घालायला मोकळे होते. धाडच्या स्टँडवर बांगड्यांचे चाचा भेटले. त्यांनी खोक्याकडे बघितलं, गवताकडे बघितलं आणि "आता बरोबर" म्हणाले. पुण्याहून प्रज्ञाचा एक सहकारी जर्मनीला चालला होता, त्याच्याकडे खोकं दिलं.

तीन आठवड्यांनी व्हिडिओ आला. द्राक्षमळ्याच्या अंगणात टोबियासचे वडील, लाल चेहऱ्याचे, रुंद गृहस्थ, बाकावर बसलेले. फोन प्रज्ञाने धरलेला. त्यांनी पहिली पुडी उघडली, अख्खं बोटूक तोंडात टाकलं आणि एक डोळा घट्ट मिटला. तोंड वाकडं झालं, मान हलली. मग त्यांनी फोनमागच्या मुलीकडे बघितलं, हसले, आणि चावत राहिले. पाचही खाऊन झाल्यावर तिसरी उत्तम असल्याचं त्यांनी बरंच सविस्तर सांगितलं. मी वसंताला फोन लावला.

"त्यांना तिसरी आवडली म्हणे," मी म्हणालो.

"मी आवाज बंद करून पाह्यलं."

"मग?"

"पयली जहर होती. मुद्दाम घातली होती मी. पोटचा पोरगा बी थुंकला असता. तो थुंकला नाही. समोर आपली पोरगी होती म्हणून थुंकला नाही. त्या घरात तिले कोणी वाईट बोलणार नाही. कळव तिले, हो म्हणून."

"तूच कळव."

"कळवतो. अन् सुध्या, वाढाले मी जाईन. माझ्या पेल्यात पाणी ठेवा म्हणा."

मी त्याला आठवण करून दिली की त्यांच्याकडे वाढताना प्रत्येक पाहुण्याला आपण कोण ते सांगावं लागतं. भाषेची अडचण होईल, दोन वाक्यं पाठ करून घे, मी लिहून देतो.

"दोन कायले?" वसंता म्हणाला. "तिचा बाप हाय, एवढंच शिकव."

मी ते वाक्य कागदावर देवनागरीत लिहिलं आणि त्याला पाठवलं. पुढच्या सोमवारी वर्गात रीसलिंगचा तास होता. चहाचे ग्लास नेले, मुलांना जोड्यांनी समोरासमोर बसवलं आणि सांगितलं की आज कोणी काही बोलायचं नाही, फक्त समोरच्याकडे बघायचं.