रविवारचं बोलावणं

बागेतल्या चंदनचोरीचा तो तपास आठवला, की निवृत्तीनंतरही अंगात तरतरी येते.

कोल्हापुरातली ती संस्थानकाळातली बाग. पुढं फुलांचे ताटवे, मागं दाट झाडी. एका सकाळी फिरायला आलेल्यांनी ठाण्यात कळवलं, चंदनाचं जुनं झाड रात्रीत कापून नेलंय. मी पंचनाम्याला गेलो. एवढ्या झाडीत चोरांना नेमकं चंदन सापडलं कसं? संशय सरळ बागेतच राहणाऱ्या माळ्यावर गेला. निवृत्तीला आलेला माणूस. आळ चिकटला तर नोकरी गेली आणि पेन्शनही.

चौकशीत तो तोंड उघडेना. खबर दिली ती फाटकाबाहेर म्हशी उभ्या करून धारोष्ण दूध विकणाऱ्या गवळ्यानं. "सायेब, गेल्या रविवारी माळीमामांच्यात दोन पावणं जेवून गेल्यात. बाग बघाय आलती."

मी माळ्याला छेडलं.

"व्हय, बाग मीच दाखवली. चंदनबी. एवढ्या आवडीनं कोण बघतंय आता? पण माझ्या ताटात जेवल्यात ती, त्यांच्यावर आळ कसा घेऊ?"

"चोर असतील तर?"

"चोर असती तर या रविवारी परत जेवाय येतो म्हटली असती व्हय?"

मी खुर्चीतून उठलोच. बागेत चंदनाचं आणखी एक झाड होतं!

वरिष्ठांनी मला वेड्यात काढलं, तरी रविवारी आम्ही साध्या वेशात सापळा लावला. ऊन चढल्यावर दोघे आले आणि माळ्याकडं न जाता थेट झाडीत शिरले. एकानं पिशवीतून गिरमिट काढून खोडाला लावलं, गाभा तपासायला. मी शिट्टी मारली. बाकावर भेळ खात बसलेली आमची महिला शिपाई अशी धावली, की पहिला गडी तिनंच लोळवला.

ठाण्यात मात्र दोघे दगड. मुद्देमाल मिळाल्याशिवाय माळ्यावरचा आळ फिटणार नव्हता. तेवढ्यात माळीच डबा घेऊन दारात उभा. मटण, भाकरी, पांढरा रस्सा.

"बोलावणं मी दिलतं, सायेब. उपाशी नकोत."

नियमाप्रमाणे तपासून डबा आत दिला. दोघांतल्या थोरल्यानं भाकरी मोडली, पण घास तोंडात जाईना. "माल कागलच्या एमआयडीसीजवळच्या शेडात हाय," तो खाली बघत म्हणाला. "मामांचा काय संबंध न्हाई." मग कुठं त्यानं घास घेतला. संध्याकाळपर्यंत ओंडके जप्त झाले.

दमदाटीला न बधणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. खाल्लेल्या मिठाला जागणारा चोर त्या दिवशी पाहिला, आणि पुढच्या नोकरीत आरोपीला आधी जेवू घालायला शिकलो.

माळी पायरीवर बसून होता. तुझ्यावरचा संशय फिटला, असं मी सांगितलं. त्यानं आधी विचारलं, "जेवली का ती?"

"डबा पुसून खाल्ला," मी म्हणालो. ते खरंच होतं.