गेरूचं टेबल

मला आयुष्यात एक टेबल हवं होतं. हसू नका. गिरगावात माहेरी आम्ही नऊ माणसं एका खोलीत. अभ्यास जिन्याच्या पायरीवर, आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी सारखे पाय आवरायचे. मॅट्रिकच्या आदल्या वर्षी लग्न झालं, तेव्हा नवऱ्याला पहिलं हेच सांगितलं की मी परीक्षा देणार, आणि टेबलाशी बसून अभ्यास करणार. तो गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचा. "दे की," म्हणाला.

लालबागच्या चाळीत खोली मिळाली ती अगदी रिकामी, बोललं तर आवाज घुमायचा. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. पाळी सुटली की हा भिंतींवर घोषणा रंगवायला जायचा आणि कोपरापर्यंत लाल होऊन यायचा. एका संध्याकाळी डब्यात उरलेला गेरू घेऊन आम्ही लादीवर घरच आखायला बसलो. मोजायला त्याचं धोतर. इथे खाट, तिथे कपाट, मोरीशेजारी भांड्यांची मांडणी, आणि खिडकीखाली माझं टेबल. खण उजवीकडे हवा की डावीकडे, यावर आमचं चांगला अर्धा तास चाललं. मग त्या रेघांमधून आम्ही हळूहळू फिरलो. मी कपाटातून चालले तर हा म्हणाला, "अगं, दार तरी उघड." उन्हं उतरली, खोली तांबूस झाली, तरी दिवा लावावासा वाटेना. इतक्या ऐसपैस घरात मी पुन्हा कधी राहिले नाही.

पण या बेतात आम्ही गावच विसरलो होतो. गिरणगावात कोकणच्या माणसाची खोली एकट्याची नसते, ती गावाची असते. आठ दिवसांत चुलत सासरे आले. त्यांच्यामागून पाच जण, कुणी गिरणीत चिकटायला, कुणी मोर्चाला. वळकट्या पसरल्या. खाट गेली, कपाट गेलं. मी आतल्या आत धुमसत होते. नवऱ्याला विचारलं, "आणि माझं टेबल?" तो मान खाली घालून म्हणाला, "गावची माणसं गं. जातील कुठे?"

खिडकीखालचा चौकोन मात्र रिकामाच राहिला. माणसं अंग चोरून, एकमेकांना लाथा मारत झोपायची, पण त्या रेघेच्या आत कुणी पाय टाकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिथे जास्वंदीचं फूल दिसलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना वाटतंय, इथे देवाची जागा आखली आहे. मी मूग गिळून गप्प बसले. लादी पुसली की रेघ पुन्हा ओढायची आणि सगळे बाहेर गेले की आत मांडी घालून बीजगणित उघडायचं. खिडकीतून वारा यायचा, गिरणीची धडधड यायची, आणि मला खरोखरच कोपरांखाली लाकूड लागतंय असं वाटायचं.

एक दिवस त्यातला एक जण कामाच्या शोधात निघाला. जाताना त्याने चप्पल बाजूला काढली, माझ्या टेबलाला हात जोडले आणि पुटपुटत काहीतरी मागणं केलं. दुपारी सासरे एकटेच सुपारी कातरत बसले होते. त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "काका, मी चुकले. तिथे देव नाही हो. ते माझं टेबल आहे. मला परीक्षेला बसायचंय."

अडकित्ता काही थांबला नाही.

"माका पयल्याच दिवशी कळलां," ते म्हणाले. "पण गो बाय, सुनेच्या टेबलासाठी हे जागा सोडतले काय? म्हणान मीच तेंका सांगलंय, थंय देव आसा. फूल पण मीच ठेवतंय."

मला रडूच फुटलं.

"रडतंस कित्याक? ते येवच्या आदी वाचून घे," सासरे म्हणाले. "नापास झालंस तर माझो देव खोटो पडतलो."