आत्याच्या मागची माणसं

कॅमेरा घरी आणला आणि पहिला फोटो काढायला बटण दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली, लेन्स जोडलेली नाही. लेन्स जोडलेली होती. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहून मी स्वतः ती बसवली होती, खटकन आवाजही आला होता. काढून पुन्हा बसवली. पुन्हा तेच. नवरा पेपर वाचत होता. तो वर न बघता म्हणाला, "मग त्याला विचार, पुढं लावलंय ते काय वांगं आहे का?"

पाऊण तास डोकं फोडल्यावर कळलं, की जुनी लेन्स आणि नवा कॅमेरा एकमेकांशी बोलतच नाहीत. जुन्या लेन्समध्ये तार नाही, मोटर नाही. नुसती काच आणि धातू. कॅमेऱ्याच्या लेखी ती नसतेच. मेनूच्या कुठल्या तरी आतल्या पानावर जाऊन त्याला सांगावं लागतं, की बाबा, लेन्स नसली तरी फोटो काढ. ते सांगितलं आणि तो चालू झाला. मला वाटलं, झालं, अडचण संपली.

हा कॅमेरा मी एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून वापरलेला घेतला होता. फुल-फ्रेम मिररलेस, म्हणजे आतला सेन्सर पूर्वीच्या रिळाच्या चौकटीएवढा मोठा आणि आत आरसा नाही. नवीन लेन्स घ्यायची ऐपत नव्हती. ते ओळखून त्याने कपाटातून आपल्या वडिलांच्या दोन जुन्या लेन्स काढून दिल्या. "मधे एक अडॅप्टर लावा ताई, मस्त चालतात. फक्त फोकस हातानं करायचा." तो 'फक्त' किती सहज म्हणाला, ते पुढे मला रोज आठवायचं.

मला घाई होती. माझी आत्या दोन महिन्यांत रिटायर होणार होती. ती होटगीला रेल्वेच्या गँगमध्ये होती. रूळ बघायचे, खडी ओढायची, रूळ धरून ठेवणाऱ्या सैल झालेल्या चाव्या घणानं ठोकायच्या. तिचा नवरा नोकरीत असताना गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं. मी डिप्लोमा केला तो तिच्या क्वार्टरमध्ये राहून. तीन वर्षं तिनं पहाटे उठून आधी माझा डबा केला, मग स्वतःचा बांधून घेऊन रुळावर गेली. आज मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, ती त्या डब्यांच्या जोरावर. आणि एवढ्या वर्षांत तिचा एक धड फोटो नाही. ओळखपत्रावरचा आहे, त्यात ती कुणाला तरी झापायला निघाल्यासारखी दिसते. निरोपाच्या दिवशी मला तिचा असा फोटो काढायचा होता, की बघणाऱ्यानं थांबावं.

सरावाला माझा नवरा होता. दोन्हींतल्या लहान लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं, की समोरचा माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं विरघळल्यासारखं दिसतं. मला तेच हवं होतं. पण तसं उघडलं की स्पष्ट दिसणारा पट्टा बोटाच्या पेराएवढा उरतो. फोकसमध्ये आलेल्या कडांवर कॅमेरा लाल रेघा मारून दाखवतो. नवऱ्याच्या डोळ्यावर रेघा आल्या की मी बटण दाबायची, आणि नंतर पाहावं तर भुवईचे केस मोजून घ्यावेत असे आणि डोळा पाण्यात पडल्यासारखा.

"श्वास घेऊ नकोस," मी म्हणायची.

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"मग आधी विमा बघून ठेव," तो म्हणायचा.

दुसरी लेन्स लांबचं जवळ आणणारी. ती लावल्यावर किती मिलिमीटरची आहे ते कॅमेऱ्याला हातानं सांगावं लागतं, नाहीतर हात हललेला सावरण्याची त्याची यंत्रणा भलतंच सावरते. ते मी विसरले आणि एक अख्खा रविवार हललेल्या फोटोंत गेला. शेवटी ती लेन्स मी कपाटात ठेवून दिली. लहान लेन्सचं मात्र आणखी एक दुखणं निघालं. प्रत्येक फोटोत डावी बाजू पुसट. लेन्सच्या कड्यावर अंतराचे आकडे कोरलेले होते, त्यांचाही काही मेळ लागत नव्हता. तीन मीटरवर ठेवावं तर चार मीटरवरचा माणूस स्पष्ट.

शेवटी मी अडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधलं ते कडं, डब्याच्या पिशवीत टाकून कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत मायक्रोमीटर लावून चार ठिकाणी जाडी मोजली. एका बाजूला सहा शतांश मिलिमीटरचा फरक. शिवाय अख्खं कडंच पाहिजे त्यापेक्षा पातळ. मला इतका संताप आला! दिवसभर मी दुसऱ्यांच्या मालाला ह्याहून कमी फरकासाठी नापासाचा लाल टॅग लावते, आणि हे कडं महिनाभर माझ्याच घरात मला मूर्ख बनवत होतं. पत्र्याच्या बारीक पट्ट्या कापून आत घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. चार सुट्ट्या त्यात गेल्या. डबा मी मशीनजवळ उभ्यानं खाल्ला. डावी बाजू सुधारली, आकडेही जुळले. तोवर निरोपाचा दिवस उद्यावर आला होता.

गँगच्या खोलीपुढे दुपारी कार्यक्रम झाला. आत्या कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आली होती आणि साहेबांनी हौसेनं सांगितलं म्हणून वर नारिंगी जॅकेट घातलं होतं. तिच्या मागे तिची गँग. तिला धरून अकरा माणसं. ऊन असं की पडद्यावरच्या लाल रेघा दिसेनात. आणि आत्या एक क्षण स्थिर नाही. हार घालून घ्यायला वाकली, कुणाचे डोळे पुसले, वाकून नारळ घेतला, मागं वळून कुणाला तरी पेढा भरवला. मी लेन्सचं कडं फिरवत होते. डोळा सापडला की मान हलायची.

"आत्या, हिकडं बघ."

"बघते की," असं म्हणून ती तिकडं बघायची.

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला, एक फोटो घेतला आणि खिशात ठेवला. त्यांचं काम झालं. मी तासभर घाम पुसत कडं फिरवत होते.

घरी येऊन फोटो संगणकावर टाकले. दोनशेच्या वर होते. हारातला झेंडू स्पष्ट होता. कानातलं स्पष्ट होतं. एका फोटोत नारळाची शेंडी अशी आली होती की जाहिरातीत द्यावी. आत्याचा चेहरा कुठंच स्पष्ट नाही. मी माऊस आपटला. नवरा चहा ठेवून आत गेला. मग अगदी शेवटी एक सापडला. आत्या उभी आहे, नुकतं हसू ओसरलंय, दोन्ही डोळे पाणीदार आणि सुईच्या टोकासारखे स्पष्ट. मागं सगळं लोण्यासारखं मऊ. एक फोटो. पण तो होता.

मोठा छापून, काचेत बसवून पुढच्या रविवारी होटगीला घेऊन गेले. आत्यानं पदराला हात पुसले, फोटो मांडीवर घेतला.

"लई झ्याक हाय," ती म्हणाली. मग जवळ धरला, मग लांब धरला. "मागं कोन हाय ह्ये?"

"तुझी गँग."

"कुटं हाय? हितं नुसता राडा दिसतोय."

"आत्या, हे मुद्दाम असंच काढतात. मागचं पुसट झालं की माणूस उठून दिसतं. त्यासाठीच तर ही लेन्स."

"मला कशाला उटून दिसायचंय?" तिनं एका पिवळ्या डागावर बोट ठेवलं. "ही ती व्हय?"

ती म्हणजे तिची मैत्रीण, अक्कलकोटकडची, निम्मं कानडी बोलणारी. दोघी वर्षानुवर्षं एका पहारीला हात लावून काम करायच्या. मी म्हणाले, असेल, त्यांची साडी पिवळीच होती.

"धुक्यात इंजन आलं तवा हिनं मला दंडाला धरून वडलं हुतं. न्हायतर मी आज हितं नसते. तिचं तोंड न्हाय की ह्यात. कुनाचंच न्हाय."

मला समजून घ्यायला पाहिजे होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते दोनशे फोटो, मायक्रोमीटर, उभ्यानं खाल्लेले डबे. मी फाडकन म्हणाले, "तुला त्यातलं काही कळत नाही. मग लाव साहेबांचा मोबाईलवरचा!"

"लावलाय की," आत्या म्हणाली.

खरंच लावला होता. चुलीच्या वरच्या भिंतीवर, पोस्टकार्डाएवढा. त्यात साहेब तिला नारळ देतायत, बाजूची माणसं अर्धी कापली गेलीयत, पण दोघांचे चेहरे लख्ख. मी चहा न घेता गाडीला किक मारली. अख्ख्या रस्त्यात मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, आणि घराच्या वळणावर आले तेव्हा माझ्याकडचे मुद्दे संपले होते. जन्मभर घोळक्यात काम केलेल्या बाईला मी घोळक्यातून खरवडून काढलं होतं आणि वर शाबासकी मागत होते. हे कळल्यानं राग कमी झाला असं नाही. उलट तो आता माझ्यावर होता, आणि स्वतःवरचा राग जास्त टिकतो.

दिवाळीनंतर आत्याचा फोन आला. रागाचा उल्लेख नाही, काही नाही. "माज्या मैतरणीचा निरोप हाय या महिन्याला. येतीस का? पन सगळ्यांची तोंडं आली पायजेत."

ह्या वेळी मी लेन्सचं तोंड मुद्दाम बारीक केलं, म्हणजे पुढचंमागचं सगळं स्पष्ट येतं. सगळ्यांना खोलीपुढे उभं केलं, टेपनं चार मीटर मोजले, कड्यावरचा आकडा चारवर आणला आणि ते हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. आता फिरवायचं काही नव्हतं. हात रिकामे झाले आणि मला काय करावं कळेना.

"बा बा, इल्ली निल्लु," ये, इथं उभी राहा, असं कानडीत म्हणत मैत्रीण आत्याला ओढत होती. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. मी बटणावर बोट ठेवलं आणि बाजूनं मालगाडीचा आवाज आला. त्याबरोबर सगळ्यांच्या माना एकदम रुळाकडे वळल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. गाडी पूर्ण जाईपर्यंत एकही मान परत फिरली नाही.

"बघा की हिकडं!" मी ओरडले.

"गाडी जाऊ दे आदी," आत्या म्हणाली. त्या आवाजात मला कधी न दाखवलेली जरब होती.

गाडी गेल्यावर सहा फोटो काढले. एकात सगळ्यांचे डोळे उघडे आले. फोटो म्हणाल तर सामान्य. उन्हानं डोळे बारीक झालेले, टोप्यांच्या सावल्या नाकापर्यंत, मागं खोलीचा पत्रा. नवरा बघून म्हणाला, "हा तर मोबाईलवरपण आला असता." ते खरं होतं.

आत्याला आवडला. तिनं एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून मोजले. "आट," ती म्हणाली, आणि बोट तिथंच राहिलं. "तिगं न्हाईत की."

ते तिघं मधल्या महिन्यांत गँगमधून गेले होते. दोघांची बदली झाली होती, एकजण अंथरुणाला खिळून गावी होता. अकराच्या अकरा माणसं एका चौकटीत होती ती फक्त आत्याच्या निरोपाच्या माझ्या त्या फोटोत, आणि तिथं मी त्यांचा राडा करून ठेवला होता. मी चार रविवार संगणकावर तो फोटो स्पष्ट करायला घालवले. वेगवेगळे प्रोग्राम लावून पाहिले. एकानं तर मागच्या माणसांना स्वतःच्या मनानं नवीनच चेहरे लावले, ते पाहून मी घाबरून बंद केलं. लेन्सनं जे टिपलंच नाही ते आणणार कुठून?

आठ प्रती छापून मी होटगीला पोचवल्या. चारच दिवसांत बदली झालेल्यांपैकी एकाचा फोन आला. आत्यानं नंबर दिला होता.

"ताई, माजा फोटो निगाला न्हाय का?"

"निघालाय, पण फार पुसट आहे. काही दिसत नाही त्यात," मी म्हणाले. मला ते कबूल करायला जड गेलं.

"पाटवा की. पुसट तर पुसट."

मी आत्याच्या निरोपाचा तो फोटो मोबाईलवर पाठवला. पाच मिनिटांत त्याचा पुन्हा फोन. "घावलो ताई. डावीकडनं तिसरा मी. ड्यूटीवरनं तसाच आल्तो, हातात लाल झेंडी हाय बगा."

मी फोटो उघडून पाहिला. डावीकडून तिसऱ्या आकृतीशी एक लाल डाग होता. एवढे महिने मला तो कुणाच्या तरी हारातलं गुलाबाचं फूल वाटत होता.