न मोजलेले दोनशे

मी चौथी शिकले. पुढे शाळा नव्हती आणि असती तरी कुणी पाठवलं नसतं. पण माझे आकडे सुबक येतात, आणि फरीदाबादच्या त्या नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागले तेव्हा सिस्टर लोकांना तेवढं पुरलं. पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं आणि लघवी किती झाली, याचा एक तक्ता पलंगाला अडकवलेला असतो. दर दोन तासांनी मोजून लिहायचं. नियमाप्रमाणे ते सिस्टरचं काम. लिहायची मी, खाली सही सिस्टरची.

दर दोन तासांनी कोणी मोजत नसे, हेही सांगून टाकते. ड्युटी संपायच्या आधी बसून सगळे रकाने एकदम भरायचे. त्यासाठी खिशात दोन पेनं ठेवायची, एक गडद निळं, एक फिकं. आलटून पालटून लिहिलं की वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं दिसतं. हे मला सिस्टरनं शिकवलं, तिला तिच्या आधीच्या सिस्टरनं. बहुतेक पेशंट धडधाकट होऊन घरी जायचे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग आमच्याकडे एक आजोबा आले. माझ्याच वयाचे, पण सगळा वॉर्ड आजोबा म्हणायचा म्हणून मीही म्हणायची. मूळचे विदर्भातले, दिल्लीत सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले. माझ्या हिंदीतली मराठी ओळखून पहिल्याच दिवशी त्यांनी मला जय भीम घातला. त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. लघवीला नळी, नळीला पिशवी.

दुसऱ्या दिवशी दुसरी आया आली नाही. दोन मजले माझ्या एकटीवर. बाराला सिस्टर म्हणाली, "आंटी, बेड चार का दो सौ लिख दो, ठीक चल रहा है." बेड चार म्हणजे आजोबा. मी लघवीच्या रकान्यात दोनशे मिली लिहिले. दोनला तिनं सांगितलंही नाही, मीच दुसरं पेन काढून आणखी दोनशे लिहिले. पिशवीवर चादर आली होती. ती उचलायला वाकावं लागलं असतं. मी वाकले नाही.

तीनला डॉक्टर आले. आजोबा म्हणाले, "पेट बहुत तन गया है, डॉक्टरसाहब. पेशाब नहीं उतर रहा."

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "उतर तो रहा है, अंकलजी. चार सौ हुआ है. गैस होगी."

सलाइन चालूच राहिलं. डॉक्टर गेल्यावर आजोबा मला मराठीत म्हणाले, "ताई, गॅस नाही हो हा. तुम्ही तरी सांगा."

मी म्हणाले, "डॉक्टरांना जास्त कळतं की तुम्हाला?"

हे मी बोलले. माझ्या दोनशेनं त्या माणसाचं तोंड बंद केलं आणि वरून मीही केलं.

चारला त्यांची मुलगी गुरुग्रामहून ऑफिस सोडून आली. तिनं चादर उचलली. पिशवीत सकाळी होतं तेवढंच, रक्ताच्या गुठळीनं नळी बंद. डॉक्टर धावत आले, नळी धुतली, लिटरभराच्या वर लघवी निघाली. पण आतून रक्त सुरू झालं होतं. त्यांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. वाचले. पण जे एकदा सोसायचं होतं ते दोनदा सोसावं लागलं.

मुलीनं फाइलची प्रत मागितली. लेखी. मागितली की द्यावीच लागते, तसा कायदा आहे. मेट्रननं मला आपल्या खोलीत बोलावलं. सिस्टर आधीच भिंतीला टेकून उभी होती, डोळे लाल. टेबलावर कोरा तक्ता.

"आंटी, नया बना दो. दो बजे तक ठीक, उसके बाद पेशंट ने नली खींच ली. बस."

"उसने नहीं खींची."

"तुम देख रही थीं?"

"नहीं. मैं तो पिशवी भी नहीं देख रही थी."

"तो फिर? तुम्हारी भी नौकरी बचेगी, इसकी भी. बुड्ढा आदमी है, उसका क्या जाएगा?"

खरं सांगते, पेन मी हातात घेतलं होतं. पण तिचं शेवटचं वाक्य डोक्यात गेलं. दुपारभर तो खरं बोलत होता आणि आता कागदावर दोष त्याच्याच माथी.

काही महिन्यांपूर्वी एक वकीलबाई सिस्टर लोकांचा वर्ग घ्यायला आल्या होत्या. मी चहा-समोसे घेऊन दाराशी उभी होते, तेव्हा ऐकलं होतं. चुकलेलं खोडायचं नाही, सफेदा लावायचा नाही, पान बदलायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, वेळ घालायची, सही करायची. सिस्टर लोक तेव्हा समोशांकडे बघत होत्या.

मी फाइलमधला जुना तक्ता पुढे ओढला. दोन्ही दोनशेंवर एकेक रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'नापा नहीं.' घड्याळ बघून वेळ घातली. सही केली, पूर्ण नावाची.

मेट्रन म्हणाली, "पागल हो गई हो."

सिस्टर म्हणाली, "आंटी, मेरा क्या होगा?"

तिला नोटीस मिळाली आणि ती गावी गेली. मला धुण्याच्या खोलीत टाकलं, चादरी मोजायला. त्या मी मोजते.

आजोबांना घरी सोडायच्या दिवशी मी वर गेले. मुलीच्या हातात फाइलच्या झेरॉक्स होत्या. आजोबांनी ते पान मागून घेतलं, चष्मा लावला, बराच वेळ वाचलं. रेघेखालचे दोनशे झेरॉक्समध्येही स्वच्छ दिसत होते.

"ही सही तुमची?"

"माझी."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं होतं."

"हो. तेच खरं होतं."

त्यांनी पान घडी न घालता मुलीकडे दिलं. "नीट ठेव," तिला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्षर चांगलं आहे," आणि चपला शोधायला लागले. त्या पलंगाखाली गेल्या होत्या. मी वाकून काढून दिल्या.