पूजेच्या फ्लॉप्या

आमच्या बीदरच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यात सिस्टीम टाकायला गुलबर्ग्याहून एक माणूस आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. मी तिथं टायपिस्ट होते. तो वायरी जोडत होता, तेवढ्यात मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन गेले. आता हा ओरडणार, असं वाटलं. पण त्यानं पिशवीतून दोन जुन्या फ्लॉप्या काढून पुढं ठेवल्या.

"कुंकू ह्यांला लावा, अक्का. ह्या पूजेच्या हायत."

कामाच्या फ्लॉप्या त्यानं डब्यात झाकून ठेवल्या होत्या. पूजा होईपर्यंत तो चपला काढून उभा राहिला.

"असं कामून?" मी विचारलं.

तो पडद्याकडं बघतच बोलला. "एका कचेरीत सिस्टीम चढंनाच झाली. बघतो तर हेडक्लार्क अप्पांनी फ्लॉपीलाच कुंकू लावलेलं. सगळ्यांदेखत लई बोललो मी त्यांला. दुसरी फ्लॉपी घातली, मशीन लगेच चालू झालं. अप्पांनी मात्र रिटायर होईस्तोवर त्याला हात लावला न्हाई. मी गेलो की चहा मागवायचे. मशीनकडं बघायचे न्हाईत."

आमचं मशीन चालू झालं, तसा तो खुर्चीवरून उठला.

"बसा अक्का. पहिलं बटण तुमी दाबा."

माझ्या बोटाला कुंकू होतं. मी घाईनं ते पदराला पुसायला लागले.

"राहू द्या," तो म्हणाला. "राहू द्या तसंच."

ते तो मला म्हणत नव्हता, असं मला आजही वाटतं.