एस्टीमची ट्रायल

विठ्ठलराव टेलर माणसाला नावाने ओळखत नाहीत, कमरेने ओळखतात. त्यांच्या लेखी मी म्हणजे ‘अडतीस, आणि वाढती’. म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरमातल्या समस्त निवृत्त प्राध्यापकांच्या पोटांचा इतिहास या गृहस्थांना पाठ आहे, आणि म्हणूनच ते प्रत्येक पँटीच्या मागच्या शिवणीत चांगलं भरपूर कापड आत दुमडून ठेवतात. त्याला म्हणायचं मार्जिन. माणूस सुटला की शिवण उसवायची, मार्जिन सोडायचं, की पँट पुन्हा बसते. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान काय ते एवढंच. शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण कानावर आलं तरी विचारणार, “मार्जिन आहे काय काही, की काठालाच शिवलंय?”

अशा माणसाने आपल्या जुन्या, सेकंडहँड घेतलेल्या एस्टीम गाडीला टर्बो बसवायचं ठरवलं, तेव्हा खरं तर अख्ख्या गल्लीने पोट धरून हसायला हवं होतं. पण कुणी हसलं नाही. त्यांची बायको, कमलाक्षीवहिनी, जाऊन सात महिने झाले होते, दुकानाचं शटर तेव्हापासून बंद होतं, आणि इतक्या दिवसांत विठ्ठलराव एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलत होते.

“सायलेन्सरमधनं धूर फुकट जातो नोडि,” ते मला म्हणाले. “त्या धुरावर एक पंखा फिरवायचा. तो पंखा दुसऱ्या बाजूने इंजिनात जास्त गाळी कोंबतो.” नोडि म्हणजे बघा, गाळी म्हणजे हवा. विठ्ठलरावांची मराठी निम्मं सामान कन्नडच्या दुकानातून उधार आणते आणि परत करायचं नाव काढत नाही. “गाळी जास्त, पेट्रोल जास्त, दम जास्त. मग गाडी चामुंडीच्या टेकडीचा चढ एसी लावूनसुद्धा चढते.”

त्या चढावर वहिनी दरवेळी एसी बंद करायच्या. “तिला दम लागलाय हो, जरा हळू,” असं म्हणून डॅशबोर्डवर हात फिरवायच्या. पुढे त्यांनाच दम लागायला लागला. फुफ्फुसं आक्रसत गेली, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि विठ्ठलराव कात्री सोडून त्या मशीनचा काटा बघत बसू लागले. शेवटी हॉस्पिटलात त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, “मार्जिन किती आहे?” त्या बिचाऱ्या गोंधळून त्यांच्या लेकीकडे, चंद्रिकाकडे बघत राहिल्या.

हीच चंद्रिका बंगळुरूहून मला फोन करी. “काका, पप्पा टर्बो लावू देत, नाहीतर विमानाचे पंख लावू देत. बोलतात तरी. पूर्वी फोनवर ‘सरी, सरी’, बरं बरं, एवढंच म्हणून ठेवून द्यायचे. हे पण बंद पडलं तर मी काय करू?”

तेव्हा टर्बो चालू ठेवणं हे आमचं कर्तव्य झालं.

आता टेलर माणूस गाडीत बदल करायचा म्हणजे कसा करणार? विठ्ठलरावांनी टेप काढला आणि बॉनेट उघडून एस्टीमची मापं घेतली. छाती, कंबर, बाही, सगळं. मग खाकी कागदावर खडूने आखून त्यांनी टर्बोचं कटिंग केलं. हवेचे पाइप कागदाचे गुंडाळले, त्यांना कच्चा टाका घातला. गरम हवा थंड करायला समोर एक जाळी लागते, तिच्या जागी कॉलरमध्ये घालतात त्या कडक बकरमचा तुकडा लावला. आणि एका सकाळी, सगळ्या गल्लीसमक्ष, एस्टीमची ट्रायल झाली. कागदी टर्बो आत बसवून ते दोन पावलं मागे सरले, मान तिरकी केली आणि म्हणाले, “डाव्या बाजूला जरा ओढतंय.”

चेहरा मात्र इस्त्री केलेला. एक सुरकुती हलली नाही. समोर ठेवलेली इडली त्यांनी चटणीशिवाय खाल्ली, आणि चटणी राहिली हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

पुढचं काम मेटगळ्ळीत, संताजीरावांच्या गॅरेजमध्ये. संताजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होते. ही गोष्ट ते ऑइल बदलायला आलेल्या माणसालासुद्धा सांगतात. देह धिप्पाड, मिशी फौजेची, पोट मात्र पूर्णपणे स्वतःच्या कर्तबगारीचं.

“या टेलरमास्तर!” ते गरजले. कागदी पाइप हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिले. “अय्यो, कॉलर कुठाय याला?”

“तुमच्या पूर्वजांचे डगले आमच्याच लोकांनी शिवले,” विठ्ठलराव सपाट आवाजात म्हणाले. “नाहीतर लढाईला उघडेच गेले असते.”

संताजीराव इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवला. मग कामाचं बोलले. इंजिनात असा बदल करायला आरटीओची परवानगी लागेल, ती मिळेल की नाही ते पुढचं पुढे. आधी इंजिनाची ताकद बघायची. प्रत्येक सिलिंडरचा प्लग काढायचा, तिथे काट्याचं मीटर लावायचं, स्टार्टर फिरवायचा. आत दाब धरला तर काटा वर जातो. दाब धरत नसेल तर टर्बो विसरायचा.

पहिल्या दोन सिलिंडरना काटा झकास वर गेला. चौथ्यालाही गेला. तिसऱ्याला निम्म्यावर अडकला. संताजीरावांनी आत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिलं, मग प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पाहिलं. मग माझ्या दंडाला धरून मला टायरांच्या ढिगामागे नेलं.

“पिस्टनच्या रिंगा गेल्यात,” ते कुजबुजले. एवढ्या मोठ्या देहातून एवढा बारीक आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. “काय सांगू त्यांना? की नावापुरता एक टर्बो लावून देऊ? फिरेल, आवाज करेल, आत काही ढकलणार नाही. खूश होतील.”

माझ्या कानात चंद्रिकाचा आवाज होता. हो म्हणावं असं फार वाटलं.

“संताजीराव,” मागून हाक आली. विठ्ठलराव मीटरपाशी उभे होते. काटा वाचायला त्यांना आता कुणाची गरज नव्हती. “तिसऱ्यात दम नाही. बोअर करून, आतून कोरून, मोठा पिस्टन घातला तर? मार्जिन आहे?”

संताजीराव परत गेले. हात पुसले, नीट पुसले. “मार्जिन नाही, मास्तर. पिस्टनवर जादा मापाचा आकडा आहे. आधीच्या मालकाने एकदा उसवून सोडलंय. आता सिलिंडरची भिंत पातळ झालीये. वरून जास्त हवा कोंबली तर फाटेल. आहे त्या दमावर चालू दे तिला. चढावर एसी बंद करा.”

“डॉक्टरीणबाई पण असंच म्हणाल्या,” विठ्ठलराव म्हणाले. बटण तुटलंय असं सांगावं, त्या सुरात.

चहाच्या कपांवर साय धरली होती. विठ्ठलरावांनी कागदी टर्बो उचलला, कच्चा टाका एका झटक्यात ओढून काढला आणि कागद घडी करून काखेत मारला. मला वाटलं, झालं, संपलं. आता पुन्हा ‘सरी, सरी’.

प्लग परत बसवायला संताजीराव बॉनेटवर वाकले आणि त्यांच्या पँटीचं बटण टणकन उडून एस्टीमच्या बॅटरीवर पडलं.

विठ्ठलराव बटणाकडे बघत राहिले. मग पुढे झाले आणि संताजीरावांच्या पँटीची मागची शिवण दोन बोटांनी उलटून पाहिली.

“रेडिमेड,” ते म्हणाले. “मार्जिनच नाही. नवीन शिवायला पाहिजे.”

त्यांनी खिशातून टेप काढला आणि तिथेच, ऑइलच्या डबक्यात उभे राहून, त्या ऐतिहासिक पोटाभोवती टाकला. फौजेच्या वंशजाने छाती काढून पोट आत ओढलं.

“असं नको,” विठ्ठलराव म्हणाले. “श्वास सोडा.”

संताजीरावांनी सोडला. पोट बाहेर आलं. विठ्ठलरावांनी टेपवर नख धरलं, आकडा बघितला आणि माझ्याकडे न वळता म्हणाले, “चव्वेचाळीस. लक्षात ठेवा.”